उकंडाबाई वाचली कशानं

नाव सांगितलं की नवा माणूस हमखास दुसऱ्यांदा विचारायचा, "काय म्हटलं?" मग ती आणखी ठणकावून सांगायची, "उकंडा. उकंडाबाई बागडे. शेणकचरा टाकतेत ना, तो उकंडा. लिहा." कारकून हसू दाबत लिहायचा आणि ती त्याच्या टाकाकडे बघत उभी राहायची, नीट लिहितो की नाही ते पाहत. लाज? छट्! लाज वाटायची ती कारकुनाला.

हे नाव कुणी हौसेनं ठेवत नसे. एखाद्या घरी लागोपाठ लेकरं दगावली, की पुढचं लेकरू पाचव्या दिवशी नेऊन उकंड्यावर ठेवायचं, टाकून दिल्यासारखं करून मागं फिरायचं आणि दुसऱ्या एखाद्या बाईनं ते उचलून घरी आणायचं. म्हणजे मरणाला वाटावं, हे कुणाला नकोच आहे, नेऊन काय करता! मग मुलगा असला तर उकंडराव आणि मुलगी असली तर उकंडाबाई. मरण एवढं भोळं असतं तर काय हवं होतं!

पण एक खरं, की या नावाच्या बाया होत्या मोठ्या खमक्या. साऱ्या नागपूर जिल्ह्यात मोजून पाच-सहा असतील, पण एकेकीची कथा नळावर भांडी लावून बसलेल्या बाया तासभर पुरवून सांगत. कन्हानच्या पुरात डोंगा घालून पलीकडची अकरा माणसं आणि एक शेळी घेऊन आलेली उकंडाबाई. उमरेडच्या जंगलात मोहफुलं वेचताना अंगावर आलेल्या अस्वलाला कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणून पळवणारी उकंडाबाई. सावनेरच्या बाजारातली मिरचीवाली, जिच्या तोंडी लागायला दलाल धजत नसत. कामठीची बिडीवाली, जिनं पानं भिजकी दिली म्हणून अख्खा कारखाना तीन दिवस बसवून ठेवला होता. बाया म्हणायच्या, "उकंड्यावरची पोट्टी लोखंडाची निंगते वं माय." आणि मग सगळ्यांचे डोळे आपोआप वळायचे ते स्वतःच्या वस्तीतल्या उकंडाबाईकडे.

ही राहायची नागपुरातल्या महाल पेठेच्या पाठीमागच्या वस्तीत. माहेर खापा. नवरा बळीराम गिरणीत कामाला, स्वभावानं इतका शांत की घरात आहे की नाही हे विचारावं लागे. छप्पन साली दोघांनी नागपुरातच धम्म घेतला. वस्तीतल्या पोरांनी तेव्हा तिच्यामागं लकडा लावला होता, "मावशी, आता नवीन नाव घ्या. सुजाता घ्या. किती चांगलं हाये!"

"अन् अडलेली बाई हाक कोनाले मारंन? सुजाताले?" ती म्हणाली. "थांबा गा, आंधी लोकायले माहा पत्ता तं विसरू द्या."

बाळंतपणं करायची ती. पण जुन्या सुइणींसारखी नव्हे. रामदासपेठेत एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ती झाडूपोछ्याला लागली होती. एकदा नर्स वेळेवर आली नाही, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हिचे हात पाहिले आणि ठरवलं, की या हातांत झाडू शोभत नाही. वर्षभर शिकवलं. एकसष्ट साली तिच्या हाती ॲल्युमिनियमचा डबा आला. आत कात्री, दोरा, साबण आणि नखं घासायचा ब्रश. तेव्हापासून तिचा एकच धोशा, पाणी उकळा. घरात कळा देणारी ओरडतेय, सासू दारात छाती पिटतेय, आणि ही बाई स्टोव्हपाशी बसून भांड्यातल्या कात्रीकडे बघतेय! कुणी घाई केली तर म्हणायची, "लेकरू येते तवा येते. पानी उकळू द्या." आणि दुसरा नियम, बेंबीला काही लावायचं नाही. राख नाही, हळद नाही, शेण तर नाहीच नाही. "काई नाई म्हंजे काई नाई," असं बजावून ती तीनतीनदा परत येऊन बघायची, आणि कुणी चोरून लावलेलं सापडलं तर त्या घराची अशी खरडपट्टी काढायची की दोन गल्ल्यांना ऐकू जावं.

पंच्याऐंशी सालापर्यंत, म्हणजे पोरीबाळी दवाखान्यातच बाळंत व्हायला लागेपर्यंत, तिनं अर्धी वस्ती जगात आणली. पण वस्ती आजही तिचं नाव काढते ते अडुसष्टच्या हिवाळ्यातल्या पाच दिवसांसाठी.

देवाजी गजभिये महालात सायकली दुरुस्त करायचा. घरात त्याची आई पार्वतीबाई आणि बायको वच्छला. वच्छलाची तीन लेकरं गेलेली. तिन्ही बाळंतपणं गावाकडे, विळ्यानं नाळ कापून झालेली. तिन्ही लेकरं चांगली रडतीपडती जन्मली आणि सात-आठ दिवसांनी दूध ओढेनाशी झाली, जबडा आवळला, अंग ताठ झालं, संपलं. चौथ्या वेळी देवाजीनं आईचं न ऐकता बायकोला नागपुरातच ठेवलं आणि उकंडाबाईला बोलावलं. सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास मुलगी झाली. काळीसावळी, भरपूर जावळाची. सगळं कसं सुरळीत झालं. उकंडाबाईनं हात धुतले, डबा आवरला, आणि दारात बसलेल्या पार्वतीबाईनं तिचा पदर धरला.

"उकंडा, बस वं. शुक्करवारी पाचवा दिवस. पहाटे नेतो आम्ही हिले उकंड्यावर. उचलाले तूच ये. दुसरं कोन उचलंन? तुह्यासारखी होऊ दे माही नात."

उकंडाबाईला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मग लक्षात आलं, थट्टा नाही. तिनं देवाजीकडे पाहिलं. छप्पन साली याच देवाजीनं घरातले शेंदूर फासलेले देव टोपल्यात घालून विहिरीत सोडले होते, नाचत नाचत. आता तो सायकलीचा पाना हातात घेऊन खाली बघत उभा होता.

"काहून गा देवाजी? देव सोडले, अन् उकंडा नाई सोडला?"

"तीन गेले, मावशी," तो एवढंच म्हणाला.

उकंडाबाई बसली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते तिनं सगळं सांगितलं. शेणात धनुर्वाताचं बी असतं. लेकराची बेंबी अजून ओली आहे. ओली बेंबी आणि उकंडा एकत्र आले की आठव्या दिवशी तेच होणार, जे तिघांचं झालं. "माय, तू लेकरू वाचवाले नाई, माराले नेऊन राहिली."

पार्वतीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग तू कशी वाचली?"

झालं! खोली बायांनी भरलेली. सगळ्या उकंडाबाईकडे बघताहेत.

"सांग ना वं," म्हातारी पुढं सरकली. "तू वाचली. पुरात डोंगा घालनारी वाचली. अस्वलवाली वाचली. एक तरी उकंडी लान्हपनी मेलेली आयकली का तू? एक सांग. तिसऱ्या पोट्ट्याले मी नेला होता उकंड्यावर, पन पाचवा दिवस टळला, सहाव्याले नेला. माहीच चूक झाली. आता नाई करत."

म्हणजे बघा, सात वर्षं जिनं शेणाच्या विरुद्ध घसा फोडला, तिचं स्वतःचं नावच उठून शेणाची साक्ष देत होतं. उकंडाबाई चिडली. असली चिडली की डब्याचं झाकण लागता लागेना.

"माही माय जित्ती हाये खाप्याले. थिले विचारू?"

"विचार ना! थिनं सांगू दे माह्या तोंडावर, का उकंड्यानं तुले नाई वाचवलं. मंग मी हट्ट सोडला." म्हातारीची खात्रीच होती. कोणती आई असं म्हणेल?

मंगळवारी उकंडाबाई बाळ-बाळंतिणीला बघायला गेली तेव्हा वच्छलानं तिचा हात घट्ट धरला. सासू बाहेर गेली होती. "मावशी, खरं सांग. नेऊ देऊ का नको? नेली तं भ्याव वाटते, नाई नेली तं भ्याव वाटते. माह्यात आता आनखी एक सोसाची ताकत नाई वं." वच्छला लेकराच्या जावळावरून हात फिरवत राहिली. उकंडाबाईनं आयुष्यात शेकडो बाळंतिणींना धीर दिला असेल, पण त्या दिवशी ती नुसती लेकराची बेंबी पुन्हापुन्हा तपासत राहिली. कारण तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, की आपण कशानं वाचलो. मनात आलंच तिच्या, की खरंच उकंड्यानं वाचवलं असेल तर?

बुधवारी तिनं खाप्याची एस.टी. धरली.

तिची आई तुळसाबाई अंगणात लाल मिरच्यांची देठं खुडत बसली होती. साठी उलटलेली, पण पाठ ताठ. लेक अवेळी आलेली पाहून तिनं आधी बळीरामची तब्येत विचारली, मग गिरणीचा संप आहे का विचारलं, मग भाकर टाकायला उठली. उकंडाबाईनं तिला हात धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. वच्छला, तीन लेकरं, शुक्रवारची पहाट.

"माय, मले उकंड्यावर ठेवलं तवा काय झालं होतं? मी बिमार पडली होती का?"

तुळसाबाई मिरच्या खुडत राहिली. "जुन्या गोष्टी कायले उकरतं?"

"शुक्करवारी लेकरू जाईन, माय."

"माह्यानं नाई सांगनं होत वं."

"माय!"

म्हातारीच्या हाताला मिरची झोंबत होती म्हणा की आणखी काही, तिचे डोळे वाहायला लागले. तिनं ते पुसले नाहीत.

"तुह्या आंधी दोन पोरी झाल्या मले," ती म्हणाली. "हे तुले मालूम हाये. पन त्या दोघीयलेबी उकंड्यावर ठेवलं होतं, हे नाई मालूम. त्याच्या पहिले एक पोट्टा गेला होता, म्हनून तुही आजी मांगं लागली. पहिली पोरगी नेली, सातव्या दिवशी गेली. दुसरी नेली, नवव्या दिवशी गेली. बारशाच्या आंधीच गेल्या दोघीबी. नाव ठेवाले कोनी उरलंच नाई. उकंडी लान्हपनी मेलेली कोनी आयकली का, म्हनते ना थे म्हातारी? कशी आयकंन? मेली तिले नाव कोन ठेवते?"

उकंडाबाईनं कपाळावर हात मारला. सात वर्षं बाळंतपणं केली, आणि इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही!

"अन् मी?"

"तुले ठेवलंच नाई."

अंगणात शेजारची कोंबडी शिरली, तिला हाकलायचंही दोघींना सुचलं नाही.

"पहाटे तुह्या आजीनं मले धाडलं. उचलाले शेजारची प्रयागबाई येनार होती. मी लवकर निंगाली. उकंड्यापाशी उभी राह्यली तुले घेऊन. खाली वाफ निंगून राह्यली होती. तू झोपेतच तोंड हलवून राह्यली होती, दूध ओढल्यासारखी. मले दोघी दिसल्या वं. माह्यानं खाली ठेवनं नाई झालं. मंग जरासं शेन माह्याच लुगड्याले लावलं, तुह्या दुपट्याच्या बाहेरच्या कोपऱ्याले लावलं, अन् प्रयागबाई आली तवा म्हनलं, ठेवलं होतं, आता घे. आजी खूश झाली. बाराव्याले थिनंच तुह्या कानात नाव सांगितलं."

एकोणीस-वीस वर्षांची पोर होती हो ती तेव्हा. सासूच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणं म्हणजे काय होतं, हे त्या काळी नांदलेल्या बाईलाच विचारावं. अस्वलाला हाणणाऱ्या आणि पुरात डोंगा घालणाऱ्या सगळ्या एका पारड्यात घाला, आणि त्या पहाटे उकंड्यापाशी हात न सोडणारी तुळसा दुसऱ्या पारड्यात.

"मंग इतके वर्स बोलली काहून नाई?" उकंडाबाईचा आवाज चढला. तिला रागही आला होता आणि आईला कवटाळावंसंही वाटत होतं.

"पहिले भेली. सासू मेली तवा वाटलं, आता सांगतो. पन तवापर्यंत गावातल्या बाया तुह्याकडं बोट दाखवून आपली लेकरं नेऊन राहिल्या होत्या. कोनाचं वाचलं. लय जनीयचं नाई वाचलं. आता कोन्या तोंडानं सांगू, का माही तं ठेवलीच नव्हती?" म्हातारीनं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं. "हे माह्या छातीवर हाये, पोरी. रोज हाये."

उकंडाबाईनं तिला विचारलं नाही, की नागपूरला येशील का. ती नुसती उभी राहिली. तुळसाबाईनं घरात जाऊन धुतलेलं लुगडं नेसलं.

गुरुवारी दुपारी दोघी देवाजीच्या घरी आल्या. उकंडाबाईची आई आलीये म्हटल्यावर शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्याच. पार्वतीबाईनं मोठ्या मानानं पाट दिला. लोखंडाची पोरगी जन्माला घालणारी माय ती! तुळसाबाई पाटावर बसली नाही. पार्वतीबाईसमोर जमिनीवर बसली आणि सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. दोन पोरींचं, लुगड्याला लावलेल्या शेणाचं, गप्प राहिलेल्या बेचाळीस वर्षांचं. एक शब्द लपवला नाही. उकंडाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. आपल्या आईनं चार लोकांत एवढं बोललेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि अभिमानानं तिचा ऊर भरून आला.

मग पार्वतीबाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मंग माहा तिसरा? त्याले मी सोताच्या हातानं नेला होता. चांगला होता तो. हसत होता झोपेत."

उकंडाबाईला उत्तर माहीत होतं. पण तिच्याआधी तुळसाबाईच पुढं सरकली, तिनं पार्वतीबाईचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले.

"माह्या दोन, तुहा एक," ती म्हणाली. "आपन मारले नाई वं बाई. आपल्याले कोनी सांगितलंच नव्हतं. पन हिले सांगितलंय आता. हिचं आयक."

पार्वतीबाई मग जी रडली, ती मोठमोठ्यानं, तीन नातवंडांची राहून गेलेली रड एकदम निघाल्यासारखी. तुळसाबाईही रडली. वच्छला बाजेवरून उठून आली आणि सासूच्या पाठीला लागून बसली. देवाजी बाहेर जाऊन उगाच एका सायकलचं चाक फिरवत राहिला.

शुक्रवारची पहाट आली आणि गेली. कुणी कुठं गेलं नाही. आठवा दिवस आला. उकंडाबाई त्या दिवशी सकाळपासून देवाजीच्या घरातच ठाण मांडून होती. लेकरानं दूध ओढलं, पोटभर ओढलं, आणि आजीच्या लुगड्यावर मुतलं. नववा गेला, दहावा गेला. बाराव्या दिवशी नाव ठेवायला सगळी वस्ती लोटली. तुळसाबाई खाप्याला परत गेलीच नव्हती. पार्वतीबाईनं तिला जाऊ दिलं नाही.

पाळण्याशी उभी राहून पार्वतीबाई म्हणाली, "म्या ठरवलंय. हे उकंड्यावर नाई गेली, पन नाव मात्र माही उकंडीच. हिच्या दाईचं नाव. थिच्यामुळं वाचली."

बायांनी माना डोलावल्या. टाळ्याही पडल्या दोन-चार. एवढा मान कुणाला नको असतो? ज्या नावाला कारकून हसत, ते नाव हौसेनं, प्रेमानं एखाद्या लेकराला ठेवलं जातंय, हे उकंडाबाईच्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. तिचे डोळे भरून आले. ती पुढं झाली, लेकराला उचललं, आणि म्हणाली,

"नाई."

"काहून वं?"

"हे मोठी होईन, माय. धट्टीकट्टी होईन. अन् एखाद्या दिवशी कोन्या गावची लेकरं गेलेली बाई हिचं नाव आयकंन. इथं काय झालं होतं हे थिले कोनी सांगनार नाई. थे एवढंच म्हनंन, उकंडी हाये, वाचली हाये. अन् आपलं लेकरू उचलून चालू पडंन." तिनं पोरीला पार्वतीबाईच्या हातात दिलं. "काईबी नाव ठेव. साऱ्या जगातलं कोनतंबी ठेव. हे मात्र माह्यापाशीच संपू दे."